मेणाच्या नळीपासून कॉलर माइकपर्यंत : आवाज कुणाचा टिपला गेला?

रमजान जवळ आला की व्हॉट्सअॅपवर एक ध्वनिफीत फिरू लागते. 'मक्केतली जगातली सर्वांत जुनी कुरआन तिलावत, सन 1885' असे तिच्यासोबत लिहिलेले असते. मागे खरखर, आणि त्या खरखरीतून दूरवरून येणारा एका कारीचा आवाज. लोक सुब्हानअल्लाह म्हणतात आणि फीत पुढे पाठवतात.

त्यातले साल चुकीचे आहे. ते का चुकीचे आहे हे कळले की आवाज टिपण्याचा सगळा इतिहासच उलगडायला लागतो. 1885 मध्ये स्नूक हुर्खोन्ये नावाचा डच अभ्यासक मक्केत होता हे खरे. अब्दुल गफ्फार या नावाने तो तिथे काही महिने राहिला आणि मक्केतल्या दैनंदिन जीवनावर त्याने मोठा ग्रंथ लिहिला. पण त्याच्याजवळ होता तो कॅमेरा. एडिसनने 1877 मध्ये फोनोग्राफ बनवला, तो कथलाच्या पातळ पत्र्यावर आवाज उमटवायचा आणि दोनचारदा वाजवला की पत्रा फाटायचा. मेणाच्या नळीवर काम करणारे, प्रवासात नेता येईल असे यंत्र बाजारात यायला 1888 उजाडले. मक्का आणि जेद्दा इथले ते ध्वनिमुद्रण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकातले, साधारण 1906 ते 1909 मधले आहे. स्नूकच्या सांगण्यावरून जेद्दाच्या डच वकिलातीमार्फत ते झाले. त्या नळ्या आज नेदरलँड्समधल्या लायडन विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. तिलावत आहे, अजान आहे, गाणी आणि वाद्येही आहेत.

म्हणजे आजपासून सव्वाशे वर्षांपूर्वी हिजाजमध्ये कुणीतरी एका कारीसमोर भोंगा धरला आणि त्याने नकार दिला नाही. ही गोष्ट मला सालापेक्षा महत्त्वाची वाटते. मुसलमान म्हटले की यंत्राला विरोध, ही समजूत आपल्याकडे इतकी रुजली आहे की आपणही ती मान्य करून टाकतो. प्रत्यक्षात वाद झाला, पण तो अभ्यासूंचा वाद होता. बटाव्हिया, म्हणजे आजचे जकार्ता, इथले विद्वान सय्यद उस्मान यांनी 1899 च्या सुमारास फोनोग्राफवर स्वतंत्र पुस्तिका लिहिली आणि स्नूकने पुढच्याच वर्षी त्या विषयावर लेख प्रसिद्ध केला. त्या काळात चर्चिले गेलेले प्रश्न असे : यंत्रातून आलेली तिलावत ऐकली तर सवाब मिळतो का? सजद्याची आयत यंत्रातून ऐकली तर सजदा वाजिब होतो का? म्हणजे आवाज माणसापासून सुटा झाला, तर तो आवाज कुणाचा? हा प्रश्न फिक्हचा तर आहेच. पण ज्याने ज्याने कुणाचा आवाज टिपला, त्या प्रत्येकाला हा प्रश्न लागू होतो.

भोंग्यासमोरची माणसे

मेणाच्या नळीचे यंत्र कसे चालायचे ते समजून घेतले पाहिजे. एक भोंगा. त्याच्या निमुळत्या टोकाला पातळ पडदा. पडद्याला सुई. गायक भोंग्यात गातो, पडदा थरथरतो, सुई फिरत्या मेणात चर कोरते. यात वीज कुठेच नाही. मेण कोरायला लागणारी सगळी ताकद माणसाच्या श्वासातून यायची. म्हणून तोंड जवळजवळ भोंग्यात घालावे लागे आणि आवाज चढा ठेवावा लागे. दोन-तीन मिनिटांत नळी संपायची. हळू बोलणारी बाई, मागे बसून साथ देणारे चार जण, जिक्रच्या हलक्यातला शेवटच्या रांगेतला माणूस, यांच्यापैकी कुणीही मेणावर उतरत नसे.

अमेरिकेत 1890 च्या मार्चमध्ये जेसी वॉल्टर फ्यूक्सने मेन राज्यातल्या पासामाक्वॉडी आदिवासींची गाणी आणि बोली अशा नळ्यांवर घेतली. मुक्कामावर जाऊन केलेले पहिले ध्वनिमुद्रण म्हणून अभ्यासक त्याकडे बोट दाखवतात. 1902 च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहरजानचे गाणे तबकडीवर उतरवले. गाणे संपताच गौहरजान इंग्रजीत स्वतःचे नाव पुकारते. आपल्याला आज ते गमतीचे वाटते. पण तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीतल्या हॅनोव्हरला, आणि तिथल्या कामगाराला हे गाणे कुणाचे हे कळावे म्हणून नाव पुकारण्याची पद्धत होती. नाव आवाजातच बांधून दिले की ते आवाजापासून सुटत नाही.

नाव असूनही माणूस हरवू शकतो, याचे उदाहरण पहिल्या महायुद्धातले आहे. बर्लिनच्या दक्षिणेला व्युन्सडोर्फ इथे जर्मनांनी युद्धकैद्यांसाठी एक छावणी उभारली. तिचे नाव 'हाल्बमोंडलागर', म्हणजे चंद्रकोर छावणी. ब्रिटिश आणि फ्रेंच फौजांमधून पकडलेले मुसलमान सैनिक तिथे ठेवले जात, सोबत हिंदू आणि शीख सैनिकही. त्यांना आपल्या बाजूला वळवावे आणि मालकांविरुद्ध जिहादला उभे करावे, हा जर्मनांचा डाव होता. त्यासाठी 1915 मध्ये तिथे लाकडी मशीद बांधली, जर्मनीच्या भूमीवरची नमाजसाठी बांधलेली पहिली मशीद. हिंदी आणि उर्दूत 'हिंदोस्तान' नावाचे पत्रक काढले. आणि इतक्या भाषा बोलणारी माणसे एकाच कुंपणाआड आयती सापडली म्हणून विल्हेल्म डोएगन या गृहस्थाच्या पुढाकाराने प्रशियाच्या फोनोग्राफिक आयोगाने छावण्या-छावण्यांत जाऊन त्यांचे आवाज टिपायला सुरुवात केली. संगीत मेणाच्या नळ्यांवर, बोलणे मुख्यतः तबकड्यांवर. 1918 पर्यंत अडीचशेच्या आसपास भाषा-बोलींचे नमुने जमले.

पद्धत कडक होती. सैनिकाने काय बोलायचे ते आधी लिहून घ्यायचे, मग तेवढेच भोंग्यात बोलायचे. प्रत्येकाचा एक फॉर्म भरला जाई. नाव, गाव, धर्म, शिक्षण, आवाज कसा आहे याचा शेरा. शास्त्रज्ञांना हवे होते उच्चार. पण 11 डिसेंबर 1916 रोजी माल सिंग नावाचा पंजाबी शिपाई भोंग्यासमोर उभा राहिला आणि त्याने 'एक होता माणूस' अशा थाटात स्वतःचीच कथा सांगितली. हिंदुस्थानात तो लोणी खायचा, दूध प्यायचा, मग इंग्रजांनी त्याला युरोपच्या लढाईत आणले, आता त्याला परत जायचे आहे, आणखी काही काळ इथे राहिला तर तो मरेल. दीड मिनिटही नाही. जर्मन दिग्दर्शक फिलिप शेफ्नर याने 2007 मध्ये त्याच आवाजाचा माग काढत 'द हाफमून फाइल्स' हा चित्रपट केला. छावणीजवळच्या त्सेहरेन्सडोर्फ इथल्या कबरस्तानात दोनशेहून अधिक हिंदी सैनिकांची नोंद आहे. माल सिंगला त्या दिवशी उच्चारांचा नमुना म्हणून उभे केले होते. तबकडीवर उतरला तो घरी जाऊ द्या म्हणणारा कैदी.

आपल्याकडे ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाच्या जोडीने 1913 पासून तबकड्या निघाल्या. तिथेही बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट ठरलेली, ती आपापल्या बोलीत सांगायची. व्याकरणासाठी ती सोय चांगली होती. तिच्याविषयी त्याहून अधिक बोलावे असे काही नाही.

यंत्राचे वजन, विजेचा खांब

1925 च्या सुमारास मायक्रोफोन आणि विजेवरचे ध्वनिमुद्रण आले आणि श्वासाची अट संपली. हळू आवाजही आता टिपता येऊ लागला. अट गेली आणि वजन आले. 1933 मध्ये जॉन लोमॅक्स आणि त्याचा मुलगा अॅलन हे दोघे अमेरिकेच्या दक्षिणेत तुरुंगांमधली आणि शेतांमधली गाणी टिपायला निघाले, तेव्हा त्यांच्या फोर्ड गाडीत 315 पौंडांचे, म्हणजे जवळजवळ 143 किलोंचे यंत्र होते. गाडी जिथे पोचेल तिथलेच गाणे मिळायचे.

आणि गाडी पोचली तरी वीज हवी. याचे सर्वांत बोलके उदाहरण मोरोक्कोचे आहे. अमेरिकन लेखक पॉल बोल्स तांजियरमध्ये स्थायिक झाला होता. 1959 मध्ये लायब्ररी ऑफ काँग्रेससाठी त्याने मोरोक्कोभर फिरून लोकसंगीत टिपले. त्याचे अॅम्पेक्स यंत्र टेपवर उत्तम आवाज उतरवायचे, पण भिंतीतल्या विजेवरच चालायचे. डोंगरातल्या गावात वीज नाही. मग कलाकारांनी विजेच्या गावात यायचे, सरकारी अधिकाऱ्याने बोलावले म्हणून यायचे आणि अनोळखी अंगणात गायचे. लग्नातले गाणे लग्नाशिवाय, सुगीतले गाणे सुगीशिवाय. मोरोक्कोच्या कुठल्या सुरांना आज अमेरिकेच्या संग्रहात जागा आहे, हे काही प्रमाणात तिथल्या विजेच्या खांबांनी ठरवले.

बोल्सचा आणखी एक प्रसंग त्याच्याच लेखनात आहे. रिफच्या डोंगराळ भागात 'कस्बा' नावाच्या लांब बासरीचे एकट्याचे वादन त्याला हवे होते, साथीशिवाय, गायकाशिवाय. वादकाने हरकत घेतली. शब्द गाणारे कुणी नसेल, तर बासरी काय म्हणते आहे हे ऐकणाऱ्याला कळणार कसे? आपल्या सनईवाल्याने किंवा कव्वालाने विचारला असता असाच हा प्रश्न. बोल्सने अमेरिकनांच्या इच्छेचा दाखला पुढे केला आणि वादन करून घेतले. ते सुंदर आहे असे ऐकणारे सांगतात. असेलही. माझे मत मात्र वादकाच्या बाजूने आहे. माइक कुणाच्या हातात आहे यावरून गाण्याचा आकार बदलतो, आणि बदललेला आकारच पुढे 'परंपरा' म्हणून नोंदला जातो.

विजेच्या खांबापासून सुटका केली ती एका पोलिश विद्यार्थ्याने. स्टेफान कुडेल्स्की स्वित्झर्लंडमध्ये शिकत होता. 1951 मध्ये त्याने खांद्याला लटकवून नेता येईल असा टेप रेकॉर्डर बनवला आणि नाव ठेवले 'नाग्रा', पोलिश भाषेत 'रेकॉर्ड करेल'. दशकाअखेर आलेला नाग्राचा तिसरा अवतार बारा मोठ्या सेलांवर चालायचा आणि त्यावरचा आवाज सिनेमालाही पुरेसा असायचा. 1961 मध्ये जर्मनीचा उहेर 'रिपोर्ट' आला, तो रेडिओच्या बातमीदारांनी जगभर फिरवला. दोन्ही यंत्रांत एक गोष्ट समान होती. मायक्रोफोन बाहेर होता, वायरीच्या टोकाला. यंत्र इथे, माइक तिथे. बोलणाऱ्याने यंत्राकडे यायची गरज उरली नाही. बाई चुलीपाशी बसली असेल, तर माइक चुलीपाशी जाऊ शकत होता.

माइक डब्यात गेला

1963 मध्ये फिलिप्सने कॅसेट आणली आणि पुढच्या पंधरा वर्षांत ती आपल्या घराघरांत पोचली. आता यंत्र सरकारचे किंवा विद्यापीठाचे राहिले नाही, आपले झाले. कव्वालीचे कार्यक्रम, वाज, मिलाद, मुशायरे. व्यासपीठाजवळ टेपरेकॉर्डर ठेवून लाल बटण दाबलेली माणसे ज्यांनी 1980 च्या दशकात पाहिली आहेत, त्यांना वेगळे सांगायला नको.

आखातात गेलेल्या माणसांच्या घरी या कॅसेटचा आणखी एक उपयोग होता. कोकणातून, केरळातून कुवेत, दुबई, सौदीला गेलेल्यांना घरची माणसे आवाजाची पत्रे पाठवत. आईला लिहिता येत नसे, बोलता येत असे. ती टेपसमोर बसायची, आधी लाजायची, मग बोलायची. कोंबड्यांचे, पावसाचे, मुलाच्या मुलाचे. एखादी बाई मध्येच गाणेही म्हणायची. येणारा-जाणारा माणूस ती कॅसेट सोबत घेऊन जायचा, तिकडून उत्तराची कॅसेट यायची. हे आपल्या समाजातल्या बायकांनी स्वतःच केलेले ध्वनिमुद्रण होते. विचारणारा साहेब नाही, फॉर्म नाही, उधळ्या मुलाची गोष्ट नाही. कॅसेट महाग म्हणून ऐकून झाल्यावर त्याच फितीवर पुढचे पत्र किंवा सिनेमाची गाणी भरली जात. जे वाचले ते माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत बुरशी धरून पडले आहे. कुणाच्या घरी अशी कॅसेट असेल तर ती आधी अंकात, म्हणजे संगणकाच्या फाइलमध्ये, उतरवून घ्या. चुंबकीय फितीला वय असते.

घरगुती कॅसेट रेकॉर्डरने एक गोष्ट मात्र बिघडवली. माइक डब्याच्या आत गेला. सोयीसाठीच गेला. पण डब्यात मोटर फिरत असते, तिची घरघर माइकला सर्वांत जवळ. डबा टेबलावर, म्हणजे टेबलावर ठेवलेल्या कपाचा आवाजही माणसाच्या आवाजाइतका. आणि आवाजाची पातळी आपोआप जमवणारी यंत्रणा अशी की आई क्षणभर थांबली की यंत्र घाबरून पातळी वाढवते आणि त्या शांततेत पंखा, रस्ता, शेजारचा रेडिओ सगळे उसळून वर येतात. जुन्या कॅसेट ऐकताना वाक्या-वाक्यांच्या मध्ये जी 'श्श' फुगते, ती हीच.

म्हणून मेणाच्या नळीपासूनच्या या सगळ्या इतिहासात बाहेरचा, वेगळा मायक्रोफोन ही मला मोठी गोष्ट वाटते. यंत्र किती भारी आहे यापेक्षा माइक बोलणाऱ्याच्या किती जवळ जाऊ शकतो, यावर कुणाचा आवाज उरणार हे ठरत आले आहे.

पुणे, जाते आणि दख्खनी

टिपलेला आवाज जातो कुठे, हाही प्रश्न आहे. मक्केचा आवाज लायडनला, पंजाबचा बर्लिनला, मोरोक्कोचा वॉशिंग्टनला. हे उलटे फिरवण्याचा एक प्रयत्न आपल्या पुण्यात सुरू झाला, हे फारसे कुणाला माहीत नसते. नझीर जैराजभॉय हे मुंबईच्या खोजा घराण्याशी नाते असलेले संगीताचे अभ्यासक. लंडनमध्ये ते आर्नल्ड बाके या डच संशोधकाचे विद्यार्थी. बाकेने 1938 मध्ये दक्षिण भारतात फिरून आवाज आणि चित्रे टिपली होती. 1984 मध्ये जैराजभॉय आणि त्यांच्या पत्नी एमी कॅटलिन गुरूच्या त्याच वाटेने पुन्हा फिरले. शेहेचाळीस वर्षांपूर्वीची ध्वनिमुद्रणे त्यांनी त्याच समाजांना ऐकवली आणि काय टिकले, काय बदलले ते नोंदवले. त्याआधी 1982 मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे संगीत-अभिलेखागार त्यांच्या पुढाकाराने पुण्यात सुरू झाले, पुढे ते दिल्ली परिसरात गेले. परदेशी संशोधकांनी भारतात टिपलेल्या आवाजाची प्रत भारतात असलीच पाहिजे, एवढी साधी त्याची भूमिका. गुजरातच्या सिद्दी समाजाचे सूफी संगीत या दांपत्याने टिपले, तेव्हाही ते केवळ टिपून निघून गेले नाहीत.

पुण्यातच गी पॉइत्वाँ आणि हेमा राईरकर यांनी 1980 च्या दशकापासून जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावे, तीन हजारांहून अधिक बायका, एक लाखाहून अधिक ओव्या. सुरुवात वहीपासून होती. बाई गाते, कार्यकर्ती लिहून घेते. 1990 च्या दशकात संगीत आणि संगणक दोन्ही जाणणारे बर्नार्ड बेल त्यात आले आणि चांगल्या यंत्रावर ध्वनिमुद्रण सुरू झाले. आज त्यातल्या कितीतरी ओव्या 'पारी' या संकेतस्थळावर ऐकता येतात. वहीतली ओवी आणि कानावर पडणारी ओवी यांत फरक किती, हे तिथे लगेच कळते. शब्द दोन ओळींचे. गाताना त्याच ओळी वळतात, मध्ये 'बाई', 'गं' येते, एकीने सोडलेला धागा दुसरी उचलते, आणि खाली दगडावर दगडाची घरघर चाललेली असते.

इथे आपल्या इतिहासाचा एक कोपरा दुखतो. विजापूरच्या सूफींच्या परंपरेत दख्खनी भाषेत 'चक्कीनामा' आणि 'चरखानामा' लिहिले गेले. जाते दळताना, सूत काततानाच बायकांनी म्हणायची ही गाणी. जात्याच्या एकेका भागाला श्रद्धेचा अर्थ देणारी. रिचर्ड ईटन या इतिहासकाराने विजापूरच्या सूफींवरच्या आपल्या 1978 च्या पुस्तकात दाखवले आहे की दख्खनमधल्या सामान्य बायकांपर्यंत इस्लाम पोचला, तो मोठमोठ्या ग्रंथांपेक्षा या जात्यावरून. त्या बायकांच्या मांडीवरची मुले तो सूर ऐकत वाढली. चक्कीनाम्यांची हस्तलिखिते उरली आहेत. शब्द आहेत. चाल नाही. सगनभाऊंच्या लावण्या छापील मिळतात, गळा मिळत नाही, तशातलेच. पण सगनभाऊ पेशवाईतले, त्या काळी यंत्रच नव्हते. चक्कीनाम्याच्या नात्यातली गाणी म्हणणाऱ्या बायका मात्र कॅसेटच्या काळापर्यंत होत्या. दख्खनी बोलणाऱ्या घरांत हळदीची, मेहंदीची, पाळण्याची गाणी आजही कुणाकुणाच्या तोंडी आहेत. मराठीत जात्यावरची ओवी म्हणणारी मुसलमान बाईही आहे. मोहरमची करबलची गाणी मराठीत म्हणणारे, त्यात हिंदू आणि मुसलमान दोन्ही, सांगली-सोलापूरकडे अजून आहेत. आपण कोण आहोत यावर आपण लेखच लेख लिहितो. आपली आजी काय गुणगुणते ते मात्र टिपत नाही.

खिशातले यंत्र

आता यंत्राची सबब उरलेली नाही. 2006 च्या आसपास मेमरी कार्डवर चालणारे मुठीएवढे रेकॉर्डर आले. झूम, टॅस्कॅम, सोनी अशी नावे फोटोच्या दुकानातही ठाऊक असतात. मोटर नाही, म्हणून घरघर नाही. बाहेरचा माइक जोडायला छिद्र असते. छोट्या यंत्रांना हेडफोनसारखी बारीक पिन, जरा मोठ्यांना एक्सएलआर नावाची तीन खिट्यांची जाड पिन. काही माइकना यंत्राकडून 48 व्होल्टचा पुरवठा लागतो, तो यंत्र देते का ते घेतानाच विचारावे. मोबाइलही चालतो, नाही असे नाही. पण मोबाइल आवाज स्वतःच्या मनाने 'साफ' करतो. त्याला माणसाचे बोलणे हवे असते. जात्याची घरघर, डफाचा ठेका, मागचा कोरस त्याला कचरा वाटतो आणि तो कापतो. शिवाय मध्येच फोन येतो.

माझा अनुभव असा की घरात म्हातारीचे बोलणे टिपायचे तर कॉलर माइकइतके चांगले काही नाही. ओढणीला किंवा पदराला, हनुवटीखाली एक वीत अंतरावर लावावा, दागिन्यांना घासणार नाही असा. पाच मिनिटांत ती तो विसरते. अंतर दुप्पट झाले की आवाज चांगलाच पडतो, खोलीचा घुमारा मात्र तेवढाच राहतो. स्लॅबच्या रिकाम्या खोलीत माइक लांब ठेवला की माणूस विहिरीतून बोलतो असे वाटते, ते त्यामुळे. गोधड्या, गाद्या असलेली खोली निवडावी. पंखा बंद. फ्रिजही अर्धा तास बंद केला तर बिघडत नाही, पण चालू करायला विसरू नये. मी गाडीची किल्ली फ्रिजवर ठेवतो, म्हणजे ती घेतल्याशिवाय निघता येत नाही.

जाते असेल तर माइक जमिनीवर ठेवू नये. दगडाची थरथर जमिनीतून स्टँडमध्ये आणि स्टँडमधून माइकमध्ये चढते. खाली घोंगडी घालावी किंवा माइक वरून टांगावा, बाईच्या छातीच्या उंचीला, दगडापेक्षा तोंडाला जवळ. जात्याचा आवाज पूर्ण घालवायचा प्रयत्न करू नये. ओवी त्याच ठेक्यावर चाललेली असते. तो काढून टाकला तर आपण बोल्सची बासरीच पुन्हा वाजवली.

कव्वालीत हार्मोनियम आणि ढोलक माइक खाऊन टाकतात. दोन माइक असतील तर एक मुख्य कव्वालासमोर, दुसरा टाळ्या देणाऱ्या रांगेकडे. मिरवणुकीत वारा हा शत्रू. फोमची टोपी मंद वाऱ्याला पुरते, मैदानात केसाळ टोपी हवी. पातळी हाताने लावावी, आपोआप जमवणारे बटण बंद. सर्वांत मोठा आवाज उणे 12 डेसिबलच्या आसपास राहील इतकी पातळी ठेवली की अचानक टिपेला गेलेला सूर फाटत नाही. फाइल वॅव प्रकारात ठेवावी, एमपीथ्रीमध्ये नाही. आणि टिपताना हेडफोन कानाला असावाच. डोळ्यांना दिसणारी पट्टी हलत असते तरी तार सैल असू शकते.

एवढे तंत्र एका दुपारी शिकता येते. अवघड आहे ते विचारणे. पुष्कळ घरांत बाईने परक्यासमोर गाऊ नये असे मानतात, आणि काही बायका स्वतःही तसेच मानतात. तिथे लपून टिपणे म्हणजे चोरी. त्यापेक्षा घरातल्या मुलीच्या हाती यंत्र द्यावे. ती आपल्या आजीसमोर बसेल, खोलीत बाहेरचे कुणी नसेल. मग ते ध्वनिमुद्रण कुणी ऐकायचे हे त्या दोघींनी ठरवावे. फक्त घरात, फक्त बायकांनी, की सगळ्यांनी. 'यूट्यूबवर टाकू का' हा प्रश्न टिपण्याआधी विचारायचा असतो. टिपून झाल्यावर विचारला तर भिडेपोटी हो मिळते.

सुरुवातीला पहिल्या दहा सेकंदांत तिलाच बोलू द्यावे. स्वतःचे नाव, माहेरचे गाव, सासरचे गाव, आजची तारीख, हे गाणे कुणाकडून शिकली. गौहरजानने हॅनोव्हरच्या कामगारासाठी नाव पुकारले होते, इथे ते नातवंडांसाठी. कागदावरच्या चिठ्ठ्या गळून पडतात, फाइलींची नावे बदलतात, आवाजात गुंफलेले नाव राहते. मग फाइलच्या दोन प्रती, एक घरात आणि एक दुसऱ्या गावातल्या नातेवाइकाकडे. तिसरी प्रत त्या आजीकडे, तिच्याच मोबाइलमध्ये, तिला लावता येईल अशी.